धावण्याची चढाओढ आणि देणगीचा शब्द: आठ आठवडे टिकेल अशी स्पर्धा कशी आखायची

दिवाळीचा फराळ संपला की बडोद्यात कमाटीबागेच्या काळ्या घोड्याकडच्या दरवाज्यापाशी नवे चेहरे दिसायला लागतात. कुणी एका ऑफिसातले, कुणी एका सोसायटीतले, कधी दांडिया बाजारातली अख्खी एक गल्ली. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप होतो, ‘जो जास्त किलोमीटर धावेल तो जिंकला, आणि किलोमीटरमागे पाच रुपये एखाद्या चांगल्या संस्थेला’ असं ठरतं आणि सोमवारपासून धडाक्यात सुरुवात होते. पहिल्या आठवड्यात सगळे हजर. दुसऱ्या आठवड्यात यादीत एकाच्या नावापुढे ४८ किलोमीटर आणि चौघांच्या नावापुढे ९-१०. तिसऱ्या आठवड्यात ते चौघं येईनासे होतात. चौथ्यात ४८वाल्याची नडगी दुखायला लागते. संक्रांतीपर्यंत ग्रुप गप्प होतो आणि त्या पाच रुपयांचं काय झालं, हे विचारायचा सगळ्यांनाच संकोच वाटतो.

आमच्या गटाचंही पहिल्या वर्षी असंच झालं. नंतरच्या हिवाळ्यांमध्ये करून बघत, चुकत आम्ही जी पद्धत बसवली ती इथे सांगतो. लोकांची हौस खरी असते. बिघडतो तो क्रम. आधी स्पर्धा सुरू होते, वाद झाले की नियम येतात, मग देणगीची रक्कम आणि संस्था सगळ्यात शेवटी. खाली दिलेला क्रम जवळजवळ उलटा आहे आणि तो तसाच पाळावा, ही विनंती.

स्पर्धेच्या पहिल्या सोमवारच्या आधी तीन आठवडे हाताशी ठेवा.

टप्पा १: माणसं जमवा आणि जोड्या लावा

सहा ते दहा जण पुरेत. त्याहून कमी असले तर दोघं आजारी पडले की गट विस्कटतो. जास्त असले तर कोण आलं नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि माणूस गळतो तो नेमका तिथेच.

सगळे सारख्या वेगाचे असायची गरज नाही. उलट वेगवेगळे असलेले बरे. पहिल्याच बैठकीत जोड्या लावा आणि त्या मुद्दाम विजोड लावा: सर्वांत नियमित धावणारा आणि सर्वांत नवखा, अशी एक जोडी. जोडीचा नियम एकच. दोघांपैकी ज्याचे गुण कमी, तेच त्या जोडीचे गुण. म्हणजे दादा कितीही धावला तरी त्याच्या जोडीदार काकू घरी बसल्या तर जोडी मागे पडते. मग दादा सकाळी सहाला काकूंच्या जिन्याखाली उभं राहून हाक मारतो, आणि ती हाक ऐकून पांघरुणात पडून राहणं काकूंना जमत नाही. आमच्या गटात सगळ्यात जास्त काम कुठल्या नियमाने केलं असेल तर याच.

नवरा-बायकोची जोडी शक्यतो लावू नका. घरातला एक प्रसंग दोघांचाही दिवस बुडवतो.

*सावधान:* हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, चालताना छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं आणि मगच गटात नाव द्यायचं. मधुमेहाच्या काही औषधांवर उपाशीपोटी धावलं तर साखर एकदम उतरू शकते, हेही डॉक्टरांशी बोलून घ्या. बरीच वर्षं न धावलेल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाने हे करावं. चढाओढीत माणूस शरीराचं ऐकत नाही, म्हणून ही विचारणा आधीच उरकायची.

टप्पा २: दोन आठवडे फक्त नोंद

या टप्प्याचा सगळ्यांना कंटाळा येतो आणि तो वगळला की पुढचं सगळं ढासळतं. दोन आठवडे प्रत्येकाने स्वतःला जमेल तसं धावायचं, चालायचं आणि चारच गोष्टी लिहायच्या: तारीख, किती मिनिटं, अंदाजे अंतर, आणि धावताना पूर्ण वाक्य बोलता येत होतं की नाही.

शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. बोलता येत असेल तर वेग ठीक आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करायचा, मग सोबतचा कितीही पुढे जावो.

नवख्यांनी सलग धावायचं नाही. १ मिनिट धावा, २ मिनिटं चाला, असं २५ मिनिटं. दोन आठवड्यांत ते २ मिनिटं धाव आणि १ मिनिट चाल इथपर्यंत येतं, कधी येत नाही, दोन्ही चालतं. आधीची आणि नंतरची पाच-पाच मिनिटं चालण्याची.

दुसऱ्या रविवारी सगळ्यांची एकत्र चाचणी घ्या: ३ किलोमीटर, ज्याला जसं जमेल तसं, चालत आलं तरी हरकत नाही. वेळ सेकंदासकट लिहून ठेवा, टप्पा ८ मध्ये लागेल.

अंतराबद्दल एक गोष्ट. बागेतल्या दाट झाडांखाली फोनचं जीपीएस भरकटतं. एकाच फेरीचं अंतर एकाच्या फोनवर १.४ आणि दुसऱ्याच्या १.६ दिसतं, आणि त्यावरून झालेले वाद मी ऐकले आहेत. म्हणून गटाची एक फेरी ठरवा, एकदा सायकलच्या मीटरवर किंवा तीन-चार फोनांची सरासरी काढून मोजा, आणि पुढे तोच आकडा सगळ्यांचा.

*तपासा:* दोन आठवड्यांनी प्रत्येकाकडे निदान सहा नोंदी आणि एक चाचणीची वेळ आहे ना? ज्याच्याकडे नाही त्याला आणखी एक आठवडा द्या. त्याच्यासाठी सगळ्यांनी थांबा. त्या एका आठवड्याने काही बिघडत नाही.

टप्पा ३: संस्था निवडा आणि तिची कागदपत्रं बघा

हे दुसऱ्या टप्प्याबरोबरच करता येतं. पण एकाही नातेवाइकाकडे पैशाचा विषय काढायच्या आधी हे पूर्ण झालेलं हवं.

एकच संस्था घ्या. प्रत्येकाची आवडती वेगळी असं केलं की हिशेब आठ जागी फुटतो. शक्यतो अशी घ्या की जिथे गटातले दोघं स्वतः जाऊन बघून येऊ शकतील. आमच्याकडे एका वर्षी शाळकरी मुलांच्या अभ्यासिकेला पैसे द्यायचे होते. आम्ही चौघं शनिवारी जाऊन आलो. एका ट्यूबलाइटखाली सतरंजीवर अकरा मुलं बसली होती, आणि दारामागच्या खिळ्याला हजेरीची वही टांगलेली होती. त्यानंतर सकाळी उठायला कुणाला फारसं समजवावं लागलं नाही.

जाल तेव्हा हे विचारा:

- नोंदणी. गुजरातमधल्या सार्वजनिक न्यासांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते (इथे सगळे चॅरिटी कमिशनरच म्हणतात). नोंदणी क्रमांक लिहून घ्या.
- करसवलत, ज्याला सगळे ८०जी म्हणतात, ती आहे का आणि तिची मुदत चालू आहे का. सवलत फक्त जुन्या कररचनेत विवरण भरणाऱ्यांना मिळते, आणि रोख दिलेल्या देणगीवर २,००० रुपयांपर्यंतच. तुमच्या देणगीदारांना हे आधीच सांगा, नंतर वाईटपणा नको.
- खातं आणि क्यूआर कोड संस्थेच्याच नावाचा आहे का. कोड स्कॅन करून एक रुपया पाठवा आणि समोर कुणाचं नाव येतं ते बघा. एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर तिथेच थांबा.
- परदेशातून देणगी घेता येते का. बडोद्यात हा प्रश्न दर दुसऱ्या घरात निघतो, कारण भाऊ न्यू जर्सीला नाहीतर बहीण लंडनला. नियम असा: परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस आपल्या बचतीतून, बँकेमार्फत देणगी देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्याने तिथलं नागरिकत्व घेतलंय त्याची देणगी, ओसीआय कार्ड असलं तरी, परदेशीच. ती घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते. नसेल तर त्या भावाकडून फोनवर शाबासकी घ्या, पैसे नकोत.

*सावधान:* ‘तुझ्या खात्यावर टाकतो, तू एकदम संस्थेला दे’ ही सगळ्यात सोयीची वाटणारी आणि सगळ्यात महागात पडणारी वाट. पहिल्या वर्षी आमच्या गटाचे पैसे असेच एकाच्या खात्यात जमले. माणूस सचोटीचा, पैसा पैशाला जुळला. पण त्याच्या घरात दवाखाना निघाला, पैसे पोचायला तीन महिने लागले, आणि त्या तीन महिन्यांत त्याने जे चेहरे बघितले ते त्याला आजही विसरता येत नाहीत. शिवाय पावती त्याच्या एकट्याच्या नावाने निघाली, त्यामुळे बाकीच्यांना करात काही मिळालं नाही. पैसे प्रत्येकाने थेट संस्थेला द्यायचे. गटाने फक्त हिशेब ठेवायचा.

टप्पा ४: गुण कशाचे द्यायचे

किलोमीटरचे देऊ नका. वेगाचे तर नकोच. बाहेर पडल्याचे गुण द्या.

आमची पद्धत अशी. दर सोमवारी प्रत्येकाच्या नावावर ४० गुण. आठवड्यात चार दिवस बाहेर पडायचं. प्रत्येक दिवशी कमीत कमी २५ मिनिटं, धाव किंवा धाव-चाल. जेवढे दिवस कमी पडले तेवढे दहा-दहा गुण वजा. पाचव्या, सहाव्या दिवसाचा जादा गुण नाही. २५ मिनिटांऐवजी दीड तास धावलात तरी जादा गुण नाही. पुढच्या सोमवारी सगळ्यांची पाटी कोरी, पुन्हा ४०.

गुण आधी हातात देऊन मग वजा करायचे, हे मुद्दाम. शून्यापासून मिळवण्यापेक्षा हातातलं जाणं माणसाला जास्त टोचतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०२ जणांवर केलेला एक प्रयोग २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. तो धावण्याचा नव्हे, रोजच्या पावलांचा होता. प्रत्येकाचं उद्दिष्ट त्याच्याच आधीच्या चालण्यावरून ठरवलेलं. आठवड्याला ७० गुण हातात, उद्दिष्ट चुकलेल्या प्रत्येक दिवशी १० वजा. २४ आठवडे हा खेळ चालला. त्यातले जे तिघातिघांच्या गटांत एकमेकांशी चढाओढ करत होते त्यांची पावलं सर्वांत जास्त वाढली, आणि खेळ थांबल्यानंतरच्या १२ आठवड्यांतही ती वाढ फक्त त्यांचीच टिकली. आमचे ४० गुण आणि कोरी पाटी याच धर्तीवर आहेत.

कोऱ्या पाटीचं महत्त्व तिसऱ्या आठवड्यात कळतं. एखाद्याचा अख्खा आठवडा लग्नात गेला, गुण शून्य. एकूण बेरजेवरच सगळं असेल तर तो मनातून हरलेला असतो. सोमवारी पुन्हा सगळ्यांबरोबर ४० वर उभा असला की तो येतो. म्हणून विजेता दर आठवड्याचा काढा. आठ आठवड्यांची बेरीज शेवटी एकदाच दाखवा.

काही नियम लेखी हवेत, आणि तेही सुरुवातीलाच. ताप, दुखापत किंवा घरात आजारपण असेल तर आठवडा ‘गोठवायचा’: गुण वजाही नाहीत, जमाही नाहीत, आणि जोडीदाराचे गुण एकट्याचे धरायचे. गोठवायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, डॉक्टरची चिठ्ठी मागायची नाही. मित्रांच्या खेळात पुरावे मागायला लागलो की खेळ संपला. पाहुणे, उशिरा झोपणं, कंटाळा यासाठी आठ आठवड्यांत एकूण दोन सुट्या.

*सावधान:* नियमित धावणाऱ्याला पाचवा दिवस धावायचा असेल तर खुशाल धावू दे, पण ते यादीत दिसू नये. आणि कुणीही, नवखा असो की मुरलेला, एका धावेत मागच्या महिन्याभरातल्या आपल्या सर्वांत लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पुढे जाऊ नये. ५ किलोमीटर सर्वांत लांब असेल तर पुढची जास्तीत जास्त साडेपाच. दुखापती बहुधा अशाच एखाद्या सकाळी होतात, जेव्हा शेजारी म्हणतो, ‘अजून एक फेरी मारू या ना!’

टप्पा ५: देणगीचा शब्द

इथे आमचं पहिल्या वर्षी सगळ्यात मोठं चुकलं. आम्ही दंड ठेवला होता. दिवस बुडाला की ५० रुपये संस्थेला. ऐकायला छान: आळसातूनही कुणाचं तरी भलं. दुसऱ्याच आठवड्यात गटातला एक दादा म्हणाला, “मी महिन्याचे आठशे रुपये आधीच देऊन टाकतो, म्हणजे रोज अपराधी वाटायला नको.” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने झोप विकत घेतली होती आणि वर पुण्यही मिळत होतं.

असं होतं हे अर्थशास्त्रज्ञांनी मोजूनही बघितलंय. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांत, मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही ठिकाणी दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले, आणि दंड काढून टाकल्यावरही ते पूर्वीइतके कमी झाले नाहीत. तो अभ्यास २०००मध्ये छापून आला. दंडाची किंमत होते, आणि किंमत मोजली की मन मोकळं होतं.

म्हणून शब्द दोन भागांत द्या.

पक्की रक्कम. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे, समजा ५०० रुपये, स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच थेट संस्थेला द्यायचे. धावा किंवा न धावा. संस्थेची कामं तुमच्या पायांवर अवलंबून नकोत.

धावेमागची रक्कम. प्रत्येक बाहेर पडलेल्या दिवसामागे ठरावीक रुपये, समजा २०. आठ आठवडे, चार दिवस, म्हणजे जास्तीत जास्त ३२ दिवस आणि ६४० रुपये. दिवस बुडला तर संस्थेचे २० रुपये बुडाले. दंडात आळशाच्या खात्यावर पुण्य जमा होत होतं, इथे त्याच्यामुळे वजाबाकी होते. हा फरक मनाला लगेच कळतो.

आठ जणांच्या गटाचे असे जास्तीत जास्त ९,१२० रुपये होतात. अभ्यासिकेसारख्या लहान कामाला ही रक्कम लहान नाही.

बाहेरच्यांकडे, म्हणजे नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले यांच्याकडे शब्द मागायचा असेल तर किलोमीटरमागे मागू नका. किलोमीटरमागे मागितलं की धावणारा जास्त धावतो आणि देणारा शेवटचा आकडा बघून दचकतो. दिवसामागे मागा आणि वरची मर्यादा आधीच सांगा. असा निरोप पाठवा:

“मावशी, येत्या सोमवारपासून आठ आठवडे, आठवड्यातून चार दिवस मी सकाळी धावणार आहे. माझ्या प्रत्येक दिवसामागे तू दहा रुपये अभ्यासिकेला देशील का? जास्तीत जास्त ३२० रुपये होतील. मला काही पाठवायचं नाही, शेवटी किती दिवस झाले ते सांगेन आणि संस्थेचा कोड पाठवेन, पावती तुझ्याच नावाची येईल. नाही जमलं तर मोकळेपणाने सांग.”

शेवटचं वाक्य गाळू नका. आणि एका माणसाकडे गटातल्या एकानेच जायचं. सोसायटीतल्या एका आजोबांकडे एकाच आठवड्यात आमचे पाच जण गेले होते. ते पाचही वेळा हो म्हणाले, आणि ते आम्हाला कळलं तेव्हा आम्ही चौघांनी जाऊन आपापला शब्द परत घेतला.

*तपासा:* सुरुवातीच्या सोमवारच्या आत गटातल्या प्रत्येकाची पक्की रक्कम जमा झाल्याची पावती यादीत आहे का? नसेल तर सुरू करू नका.

टप्पा ६: बडोद्याचं कॅलेंडर समोर ठेवून तारखा ठरवा

नवरात्रात सुरू करू नका. नऊ रात्री गरब्यात गेल्यावर सकाळी सहाला उठणं शरीराला परवडत नाही, आणि पायांचा व्यायाम तर तिथे होतोच. दिवाळीनंतर लगेचही नको, घरं पाहुण्यांनी भरलेली असतात. नोव्हेंबरचा तिसरा सोमवार मला सर्वांत सोयीचा वाटतो. तिथून आठ आठवडे उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आसपास संपतात.

उत्तरायण हा मात्र गंभीर विषय आहे. १४ आणि १५ जानेवारीला आणि त्याच्या मागेपुढे दोन-तीन दिवस रस्त्यावर धावू नका. आडवा आलेला मांजा पहाटेच्या उजेडात दिसत नाही आणि गळ्याला लागतो. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, तरी तो झाडांत आणि तारांत अडकलेला सापडतोच. तो आठवडा चारऐवजी दोन दिवसांचा धरा, आणि गळ्याभोवती मफलर असल्याशिवाय दुचाकीवरूनही बागेकडे येऊ नका.

जानेवारीत सव्वासातच्या पुढे उजाडतं. ज्यांना आठला ऑफिस गाठायचंय त्यांची धाव अंधारातच होणार. फिकट रंगाचे कपडे, समोरून येणारी गाडी दिसेल अशी रस्त्याची बाजू, आणि कानात दोन्ही बाजूंना हेडफोन नकोत. बायका-मुलींनी जोडीशिवाय अंधारात निघू नये, आणि जोडीदार आला नाही तर घरी जिन्यात चढ-उतर केलेली २५ मिनिटंही पूर्ण दिवस म्हणून धरावीत, हा नियम आम्ही आवर्जून घातला.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ही स्पर्धा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एप्रिल-मे मध्ये बडोद्याचा पारा चाळिशीपार जातो, आणि चढाओढीत माणूस पाणी प्यायलाही थांबत नाही. पावसाळ्यात विश्वामित्री नदीला पूर आला की काठच्या वाटा बंद होतात. ऑगस्ट २०२४च्या पुरात मगरी वस्त्यांपर्यंत आल्या होत्या, हे इथल्या कुणाला सांगायला नको.

टप्पा ७: आठ आठवडे चालवणं

सुरू झाल्यावर काम थोडं असतं, पण ते रोज करावं लागतं.

एक गूगल शीट ठेवा. ओळीत नावं, रकान्यात दिवस, धावलात तर एक टिक. किलोमीटरचा रकाना ठेवूच नका. ठेवला की कुणीतरी बेरीज करतोच. स्ट्रावासारखं धावांची नोंद ठेवणारं अ‍ॅप वापरत असाल तर घराभोवतीचा भाग नकाशावर लपवण्याची सोय आधी चालू करा, नाहीतर तुम्ही रोज किती वाजता घरून निघता हे सगळ्यांना दिसतं.

टिक स्वतः करायची, त्याच दिवशी, रात्री दहाच्या आत. आठवड्याच्या शेवटी आठवून भरलेल्या टिकांवरून वाद होतात.

यादी सांभाळायला दर दोन आठवड्यांनी वेगळा माणूस. त्याचं आणखी एक काम: लागोपाठ तीन दिवस ज्याची टिक नाही त्याला फोन करायचा. ग्रुपवर लिहायचं नाही, फोन. “काय रे, बरा आहेस ना?” एवढंच विचारायचं. धावण्याबद्दल अवाक्षर नाही. आमच्याकडे या फोनामुळे निम्मे लोक दुसऱ्या दिवशी बागेत आले, आणि एकदा असं कळलं की फोन न उचलणारा माणूस डेंग्यूने रुग्णालयात आहे. त्या संध्याकाळी आम्ही डबा घेऊन गेलो.

ग्रुपवर कुणाची थट्टा करायची नाही, हेही लेखी. वजनावरून, वयावरून, कपड्यांवरून तर अजिबात नाही. प्रेमाने केलेली थट्टासुद्धा नवख्याला घरी बसवते.

रविवारी धावल्यानंतर शेव-उसळ खायला सगळ्यांनी एकत्र जायचं. ज्याची त्या दिवशी धाव झाली नाही त्यानेही यायचं. हा नियम आम्ही तिसऱ्या वर्षी घातला आणि तो आधीच घालायला हवा होता. धावायला न आलेला माणूस नाश्त्याला आला तर पुढच्या रविवारी तो धावायलाही येतो.

टप्पा ८: मधल्या रविवारी पुढेमागे सुटण्याची शर्यत

चौथ्या आठवड्याच्या शेवटी एक खरी शर्यत घ्या. फक्त गुणांवर खेळ चालला की वेगाने धावणाऱ्यांना काही मिळत नाही आणि ते कंटाळतात. पण सगळे एकदम सुटले तर निकाल आधीच माहीत असतो. म्हणून सर्वांत हळू असलेला आधी सुटतो, सर्वांत वेगवान शेवटी, आणि हिशेब बरोबर असेल तर सगळे जवळजवळ एकाच वेळी पोचतात.

टप्पा २ मधल्या ३ किलोमीटरच्या वेळा घ्या. सर्वांत जास्त वेळ ज्याची, तो शून्याला सुटेल. बाकीच्यांची वेळ त्यातून वजा करा, तेवढ्या वेळाने ते सुटतील. उदाहरणार्थ:

- काकू २७:०० – सुटतात ०:०० ला
- वहिनी २४:३० – सुटतात २:३० ला
- ताई २१:०० – सुटते ६:०० ला
- दादा १६:३० – सुटतो १०:३० ला

एकाने घड्याळ घेऊन उभं राहायचं आणि नावं पुकारायची.

आमच्या पहिल्या अशा शर्यतीतलं एक दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही. शेवटचा वळसा, काकू सर्वांत पुढे, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, एका मुठीत रुमाल. मागून दादाच्या बुटांचा आवाज जवळ येत होता आणि काकू वळून बघत नव्हत्या. दोघं हातभर अंतराने पोचले, काकू आधी. एकोणसाठाव्या वर्षी त्या आयुष्यातली पहिली शर्यत जिंकल्या होत्या. त्यांनी सगळ्यात आधी घरी फोन लावला.

*सावधान:* चाचणीत मुद्दाम हळू धावून पुढे सुटण्याचा मोह कुणालाही होऊ शकतो. म्हणून नियम ठेवा: चाचणीपेक्षा दीड मिनिटाहून जास्त वेळ वाचवला तर टाळ्या मिळतील, क्रमांक नाही. नवख्यांसाठी हा नियम थोडा सैल ठेवा, कारण चार आठवड्यांत त्यांचा वेग खरंच झपाट्याने वाढतो. आमची सूट त्यांच्यासाठी तीन मिनिटांची असते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी कुणी जोरात धावायचं नाही. शर्यतीत छातीत दुखलं, चक्कर आली किंवा पायात अचानक कळ आली तर तिथेच थांबायचं, आणि शेजारून धावणाऱ्यानेही त्याच्यासोबत थांबायचं. थांबलेल्या दोघांचेही गुण पूर्ण.

टप्पा ९: हिशेब आणि पैसे

शेवटच्या रविवारी यादी गोठवा. त्याच दिवशी, नाश्त्याच्या टेबलावरच, प्रत्येकाचे दिवस मोजा आणि धावेमागची रक्कम काढा. ‘घरी जाऊन बघतो’ म्हटलं की एक आठवडा जातो.

बाहेरच्या देणगीदारांना त्याच संध्याकाळी निरोप: “मावशी, ३२ पैकी २७ दिवस झाले. तुझे २७० रुपये होतात. हा संस्थेचा कोड.” बुडलेले पाच दिवस लपवू नका. गोल करून ३०० मागू नका. तिने स्वतःहून जास्त दिले तर तिची मर्जी. एकदाच आठवण करा, दहा दिवसांनी. दुसऱ्यांदा नाही. काही शब्द पूर्ण होत नाहीत आणि त्यावरून नातं ताणायचं नाही. तो आकडा यादीत ‘आला नाही’ एवढाच लिहा.

संस्थेला पॅन क्रमांक आणि पूर्ण नावांची यादी एकदम द्या. देणगीचं प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर, साधारण मे अखेरपर्यंत येतं आणि त्यावर पॅन चुकला असेल तर करसवलत अडते. म्हणून पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि ती गूगल शीट जूनपर्यंत पुसू नका.

जोड्यांच्या बेरजेत जिंकलेल्यांना बक्षीस द्यायचं असेल तर रोख देऊ नका आणि देणगीतून तर मुळीच नको. आम्ही विजेत्या जोडीला पुढच्या वर्षीची संस्था निवडायचा मान देतो. मागच्या वेळी तो काकूंच्या जोडीला मिळाला. त्यांनी दोन नावं सुचवली आहेत, आणि येत्या शनिवारी आम्ही दोन्हीकडे जाऊन येणार आहोत.